इन्सुलिन, काठी आणि मिलिंद कॉलेज : शेवटची दहा वर्षं बाबासाहेब आजारपणाशी कसे झगडले?

१० ऑगस्ट १९५१. देशाचे कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पंतप्रधान नेहरूंना एक पत्र लिहिलं. विषय हिंदू कोड बिलाचा होता. पण त्या पत्रात त्यांनी स्वतःच्या तब्येतीबद्दलही लिहिलं. डॉक्टर काळजीत आहेत, साधारण महिनाभर सलग उपचार घ्या म्हणून मागे लागलेत, आता हे उपचार पुढे ढकलले तर गुंतागुंत वाढेल, असा त्याचा आशय होता.

कुणीही म्हणेल, मग रजा घ्यावी ना. बाबासाहेबांनी मागितलं ते वेगळंच. आधी हे बिल संसदेत मार्गी लावा, मग मी डॉक्टरांच्या ताब्यात जातो, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढचे दोन महिने कसे गेले ते बघा. १ सप्टेंबरला औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्यांच्या कॉलेजच्या इमारतीची पायाभरणी झाली. त्याच महिन्यात संसदेत हिंदू कोड बिलावर वादळी चर्चा झाली. २७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. डॉक्टरांनी मागितलेला महिना या सगळ्यात कुठेच बसत नव्हता.

बाबासाहेब म्हटलं की आपल्याला महाडचं तळं आठवतं, संविधान आठवतं, नागपूरची दीक्षाभूमी आठवते. पण यातली शेवटची मोठी कामं एका अशा माणसाने केली, ज्याला रोज औषधं लागत होती, ज्याचे पाय दुखत होते आणि ज्याची नजर मंदावत चालली होती. कधी कधी तर औषधांनीच त्याला अंथरूण धरायला लावलं.

ती गोष्ट नीट समजून घेऊ.

आधी थोडक्यात, तिथपर्यंतचा प्रवास

१४ एप्रिल १८९१ ला महू इथे जन्म. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार. घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडव्याचं. भीमराव हे चौदावं अपत्य. १९०७ ला मॅट्रिक, १९१२ ला बीए, मग सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, तिथून लंडन. १९२३ ला लंडनहून डीएससी आणि बॅरिस्टर होऊन ते मुंबईला परतले.

१९२७ ला महाडचा सत्याग्रह, १९३० ला नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह, गोलमेज परिषदा, १९३२ चा पुणे करार. घरात मात्र एकामागून एक आघात. पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली, फक्त यशवंत वाचले. २७ मे १९३५ ला दीर्घ आजारानंतर रमाबाईही गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून मरणार नाही.

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. दिवसा खात्याचं काम, रात्री वाचन आणि लिखाण. जेवणाची वेळ ठरलेली नाही, झोपेचा पत्ता नाही. आणि याच दशकात शरीराने तक्रार करायला सुरुवात केली.

त्यांना नेमकं काय झालं होतं?

मुख्य आजार मधुमेह. त्याच्या जोडीला नसांचं दुखणं, ज्याला त्या वेळचे डॉक्टर न्यूरायटिस म्हणत. शिवाय रक्तदाब आणि सांधेदुखी.

मधुमेहात साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की शरीरातल्या बारीक नसा खराब व्हायला लागतात. सगळ्यात आधी त्रास होतो तो पायांना. कुणाला मुंग्या येतात, कुणाचे तळवे जळतात, कुणाला सुया टोचल्यासारखं होतं. आणि हे दुखणं रात्री जास्त छळतं. दिवसभर माणूस कामात असतो, दिवे मालवले की पाय बोलायला लागतात. बाबासाहेबांच्या पत्रांमध्ये पायांच्या या दुखण्याची आणि त्यामुळे उडालेल्या झोपेची तक्रार दिसते.

आज शुगर तपासायची म्हटलं की बोटाला सुई टोचून पाच सेकंदांत आकडा कळतो. त्या काळी घरी मोजायचं असं यंत्रच नव्हतं. बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे, तापवायचं आणि रंग बघायचा. निळा राहिला तर ठीक, हिरवा, पिवळा, विटकरी झाला तर साखर जास्त. म्हणजे साखर किती वाढली याचा अंदाज यायचा, पण ती किती खाली गेली हे या तपासणीतून कळायचंच नाही. आज डॉक्टर ज्या तीन महिन्यांच्या सरासरीवरून औषध ठरवतात, त्या चाचणीचा मधुमेहाशी संबंध १९६० च्या दशकाच्या शेवटी लक्षात आला.

औषध काय, तर इन्सुलिन. १९२२ मध्ये ते टोरांटोत पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं. त्याआधी ज्यांना इन्सुलिनशिवाय जगणंच शक्य नसायचं, अशा मधुमेहींसाठी निदान म्हणजे मृत्यूचं वॉरंट होतं. त्यामुळे इन्सुलिन हे वरदानच होतं. पण तेव्हाचं इन्सुलिन गाई आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं असे. ते आजच्याइतकं शुद्ध नसायचं. टोचलेल्या जागी सूज यायची, खाज सुटायची, काही जणांच्या कातडीला खड्डे पडायचे. काचेची सिरिंज आणि जाड सुई रोज उकळून घ्यावी लागायची.

आणि सगळ्यात मोठा धोका म्हणजे साखर एकदम खाली जाण्याचा. इन्सुलिन टोचलं आणि जेवण लांबलं तर दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, डोकं चालेनासं होतं. फारच खाली गेली तर फिटसुद्धा येऊ शकते. आता विचार करा, ज्या माणसाची जेवायची वेळ सभागृहाचं कामकाज ठरवतं, त्याने हे औषध रोज कसं सांभाळायचं?

संविधानाचा मसुदा आणि न लागणारी झोप

२९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १९४८ मध्ये पहिला मसुदा तयार होता. त्यात ३१५ कलमं आणि ८ परिशिष्टं होती. याच काळात पायांच्या दुखण्याने त्यांची झोप उडाली होती.

समितीत कागदावर सात जण होते. पण नोव्हेंबर १९४८ मध्ये समितीचेच एक सदस्य टी. टी. कृष्णमाचारी यांनी संविधान सभेत परिस्थिती सांगितली. एका सदस्याने राजीनामा दिला, एकाचं निधन झालं, एक अमेरिकेत, एक संस्थानाच्या कामात, एक-दोघे तब्येतीमुळे दिल्लीपासून लांब. शेवटी मसुद्याचा भार डॉ. आंबेडकरांवर पडला, असं त्यांनी सभागृहाच्या नोंदीवर आणलं.

यातली गंमत बघा. तब्येतीमुळे इतर सदस्य दिल्लीबाहेर होते. ज्यांच्यावर सगळा भार आला, त्यांची तब्येत काही धडधाकट नव्हती.

२६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं गेलं तेव्हा त्यात ३९५ कलमं होती. २ वर्षं, ११ महिने आणि १८ दिवसांच्या त्या प्रवासात प्रत्येक कलमावरच्या दुरुस्त्यांना उत्तर देण्यासाठी बाबासाहेब सभागृहात उभे राहत होते. दुखऱ्या पायांवर.

डॉ. शारदा कबीर

मुंबईत गिरगावात डॉ. माधवराव मालवणकर यांचा दवाखाना होता. बाबासाहेब तिथे उपचार घेत. तिथेच डॉ. शारदा कबीर काम करायच्या. ग्रँट मेडिकल कॉलेजमधून त्या १९३७ मध्ये एमबीबीएस झाल्या होत्या. त्या काळात मुलीने डॉक्टर होणं हीच मोठी बातमी.

उपचारांच्या निमित्ताने ओळख झाली. पथ्य सांभाळणारं, वेळेवर औषध देणारं, इन्सुलिनचं गणित समजणारं कुणीतरी कायम सोबत हवं, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत नोंदणी पद्धतीने दोघांचं लग्न झालं. बाबासाहेब ५७ वर्षांचे, शारदाबाई ३९ वर्षांच्या. लग्नानंतर त्या सविता आंबेडकर झाल्या आणि लोक त्यांना माईसाहेब म्हणू लागले.

मधुमेह असलेलं माणूस ज्या घरात असतं, त्या घराला माहीत असतं की हे काम किती किचकट असतं. जेवणात काय, किती, किती वाजता. इंजेक्शन आधी की जेवण आधी. भेटायला आलेल्यांना किती वेळ थांबू द्यायचं. शेवटच्या गोष्टीवरून तर कुरबुरी ठरलेल्या. नेत्याला भेटायला लांबून आलेला कार्यकर्ता दारात उभा आणि बाई म्हणतात, आता आराम आहे. डॉक्टर म्हणून ते बरोबर, पण कार्यकर्त्याच्या मनात अढी बसते. ही अढी पुढे किती महागात पडली, ते शेवटी येईलच.

कॉलेजसाठी औरंगाबादच का?

८ जुलै १९४५ ला बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. दुसरं कॉलेज पुण्याला किंवा नागपूरला निघेल असं कुणालाही वाटलं असतं. त्यांनी निवडलं औरंगाबाद.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबादला सरकारी इंटरमिजिएट कॉलेज होतं, पण पदवी घ्यायची तर बहुतेकांना हैदराबाद, पुणे किंवा मुंबई गाठावी लागायची. शेतमजुराच्या पोराला हे कसं परवडणार? दलितांची पोरं तर शाळेतूनच गळत होती.

या भागाशी बाबासाहेबांची एक कडू आठवणही जोडलेली होती. १९३४ मध्ये ते सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी बघायला निघाले होते. वाटेत देवगिरीच्या म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर थांबले. धुळीने माखलेल्या लोकांनी तिथल्या हौदाच्या पाण्याने हातपाय आणि तोंड धुतलं. तेवढ्यावरून पाणी बाटवलं म्हणून आरडाओरडा झाला, जमाव जमला. शेवटी किल्ला बघू दिला तो पाण्याला कुठेही हात लावायचा नाही या अटीवर, आणि लक्ष ठेवायला सोबत हत्यारबंद शिपाई दिला. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेल्या माणसाची ही अवस्था. ही हकिकत त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवली आहे.

त्याच किल्ल्यापासून काही मैलांवर, १६ वर्षांनी, जून १९५० मध्ये त्यांनी सगळ्या जातीधर्मांच्या मुलांसाठी कॉलेज सुरू केलं. संविधान लागू होऊन तेव्हा पाचच महिने झाले होते.

पुढे कॉलेजचं नाव मिलिंद महाविद्यालय झालं आणि परिसराला नागसेनवन म्हणू लागले. या नावांमागे एक गोष्ट आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात मिनँडर नावाचा ग्रीक राजा वायव्य भारतात राज्य करत होता. पाली ग्रंथांत तो मिलिंद म्हणून येतो. वादात त्याला हरवेल असा कुणी सापडत नव्हता. मग त्याची गाठ नागसेन या भिक्खूशी पडली. राजाने प्रश्नांवर प्रश्न विचारले, नागसेनाने प्रत्येकाचं उत्तर दिलं आणि राजाने आपली हार मोकळेपणाने मान्य केली. कॉलेजला नाव दिलं ते हरलेल्या राजाचं. प्रश्न विचारायचे, वाद घालायचा आणि पटलं की मान्य करायचं, असा विद्यार्थी बाबासाहेबांना हवा होता.

पैसे जमवणं, जागा, आराखडे, प्राध्यापक, पुस्तकं, सगळ्यात त्यांचं लक्ष असे. तब्येत साथ देत नसतानाही ते औरंगाबादला येऊन राहत, बांधकाम बघत, आवारात झाडं लावून घेत. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखी माणसं त्यांनी इथे आणली. अजिंठा, वेरूळ आणि शहरालगतची बौद्ध लेणी ज्या भागात आहेत, तिथे बुद्धाच्या परंपरेतलं नाव असलेलं कॉलेज उभं करणं, यात त्यांच्या पुढच्या निर्णयाची चाहूलही होती.

बिल आधी, औषध नंतर

आता परत १९५१ कडे येऊ. हिंदू कोड बिलात स्त्रियांना संपत्तीत वाटा, घटस्फोटाचा हक्क, एकपत्नीत्वाची सक्ती अशा तरतुदी होत्या. चार वर्षं ते रेंगाळलं होतं. सप्टेंबरमध्ये चर्चा सुरू झाली, जेमतेम चार कलमं मंजूर झाली आणि बिल बाजूला ठेवलं गेलं. ज्यासाठी उपचार पुढे ढकलले तेच हातातून गेलं. बाबासाहेबांनी राजीनामा दिला.

पुढे १९५५ आणि १९५६ मध्ये त्याच बिलाचे तुकडे करून हिंदू विवाह कायदा, वारसा कायदा, दत्तक आणि पालकत्वाचे कायदे असे चार कायदे झाले.

यातल्या विवाह कायद्याचा पुढचा प्रवास फार कमी जणांना माहीत असतो. १९७६ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि ज्याला वारंवार अपस्माराचे, म्हणजे फिटचे झटके येतात, तो लग्नाला अपात्र, अशी अट घातली गेली. म्हणजे औषधं घेऊन नीट संसार करणाऱ्या माणसाचं लग्नही कोर्टात रद्द होण्याची टांगती तलवार. रुग्ण, डॉक्टर आणि संघटनांनी पाठपुरावा केला आणि १९९९ मध्ये अपस्मार हा शब्द कायद्यातून काढला गेला. बाबासाहेबांनी ज्या कायद्यासाठी स्वतःचं आजारपण मागे ठेवलं, त्याच कायद्यातून आजारी माणसांवरचा हा शिक्का पुसायला २३ वर्षं लागली.

१९५४ : औषधांचाच त्रास

जानेवारी १९५२ मध्ये पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बाबासाहेब उत्तर मुंबईतून हरले. मग राज्यसभेवर गेले. मे १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हरले. विदर्भातलं उन्हाळ्याचं ऊन, प्रचाराची धावपळ आणि हाताशी इन्सुलिन.

त्यानंतरचे महिने कठीण गेले. जून ते ऑक्टोबर १९५४ या काळात औषधांचे दुष्परिणाम आणि मंदावलेली दृष्टी यामुळे ते बराच वेळ अंथरुणावर होते, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत सापडते. ज्या माणसाने राजगृह हे घरच पुस्तकांसाठी बांधलं, त्याला वाचायला त्रास व्हावा, याहून मोठी शिक्षा कुठली?

पण याच महिन्यांत राज्यसभेच्या कामकाजातही त्यांचं नाव आहे. २६ ऑगस्टला ते परराष्ट्र धोरणावर बोलले. सप्टेंबरमध्ये अस्पृश्यता गुन्हे विधेयकावर बोलले. अंथरूण ते सभागृह आणि सभागृह ते अंथरूण, असं चालू होतं.

कायम औषधं घेणाऱ्यांना ही अवस्था लगेच कळेल. एक दिवस बरा जातो, दुसऱ्या दिवशी उठवत नाही. लोकांना फक्त बरा दिवस दिसतो. मग कुणी म्हणतं, काल तर चांगले फिरत होतात.

या गोष्टीचा फिटच्या औषधांशी काय संबंध?

तुमच्या घरात कुणाला मधुमेहामुळे पायांची आग होत असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन ही नावं तुम्ही बघितली असतील. यातलं गॅबापेंटिन मुळात अपस्मारासाठी वापरात आलं आणि प्रीगॅबालिनही अपस्मारात वापरतात. फिट येते तेव्हा मेंदूतल्या पेशी एकदम भडकतात. नसांच्या दुखण्यातही खराब झालेल्या नसा विनाकारण संदेश पाठवत राहतात. ही औषधं तो भडका शांत करतात, म्हणून दोन्हीकडे चालतात.

बाबासाहेबांच्या काळात यातलं काहीच नव्हतं. गॅबापेंटिनला अमेरिकेत मंजुरी मिळाली १९९३ मध्ये. १९५० च्या दशकात अपस्मारासाठी मुख्य औषधं होती ती १९१२ पासूनचं फिनोबार्बिटल आणि १९३८ पासूनचं फेनिटॉइन. न्यूरायटिसच्या रुग्णाला वेदनाशामक, झोपेची औषधं आणि जीवनसत्त्वांची इंजेक्शनं यावरच भागवावं लागे.

आजची औषधं जास्त चांगली आहेत, पण फुकटात काही मिळत नाही. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिनने गुंगी येते, चक्कर येते, काहींचं वजन वाढतं, पाय सुजतात. फेनिटॉइन वर्षानुवर्षं घेतलं तर हिरड्या वाढू शकतात आणि हाडं ठिसूळ होऊ शकतात. व्हॅल्प्रोएटने वजन वाढतं, हात थरथरतात, केस गळतात आणि गरोदरपणात बाळाला धोका असतो. अभ्यास करणाऱ्या मुलाला वाटतं, डोक्यावर कुणीतरी गोधडी टाकली आहे. घरचे म्हणतात, आळशी झालाय.

मग अनेक जण काय करतात? कंटाळून गोळी बंद करतात. आणि इथेच घात होतो. फिटचं औषध अचानक थांबवलं तर आधीपेक्षा जोरात आणि एकामागून एक झटके येऊ शकतात, त्यात जीवही जाऊ शकतो. इन्सुलिनचंही तसंच. त्यामुळे त्रास होत असेल तर तो डॉक्टरांना स्पष्ट सांगायचा. डोस कमी करता येतो, वेळ बदलता येते, औषध बदलता येतं. १९५४ मध्ये डॉक्टरांच्या हातात पर्याय फार थोडे होते. आज ते आहेत, घाटीसारख्या सरकारी हॉस्पिटलमध्येही याचे उपचार होतात. फक्त रुग्णाने तोंड उघडलं पाहिजे.

शेवटचं वर्ष

डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले. मे १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाचं काम अखंड चालू होतं. नानकचंद रत्तू हे त्यांचे टंकलेखक आणि सहायक. ते दिवसभर नोकरी करून संध्याकाळी येत आणि कागद टाइप करत.

१४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. लाखो लोक पांढऱ्या कपड्यांत जमले होते. एका हातात काठी आणि दुसरा हात रत्तूंच्या खांद्यावर, असे बाबासाहेब मंचावर आले. महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी आणि माईसाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. मग बाबासाहेबांनी स्वतः त्या जनसमुदायाला २२ प्रतिज्ञा दिल्या. दोन दिवसांनी चंद्रपूरला पुन्हा दीक्षेचा सोहळा झाला. नोव्हेंबरमध्ये ते काठमांडूच्या परिषदेत बुद्ध आणि मार्क्स या विषयावर बोलले. परतीच्या वाटेवर सारनाथ आणि कुशीनगर केलं. धडधाकट माणूस थकेल असा हा दौरा.

५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीत, २६ अलीपूर रोडच्या घरी, रत्तूंनी त्यांचे पाय चेपून दिले. धम्माच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी उशाशी मागवून घेतले. ६ डिसेंबरच्या सकाळी ते झोपेतच गेल्याचं लक्षात आलं. वय ६५. ७ डिसेंबरला मुंबईत दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. ग्रंथ पुढच्या वर्षी, १९५७ मध्ये, प्रसिद्ध झाला.

आणि मग संशय

लाखो लोकांचा बाप गेला होता. दुःखाला कुणीतरी दोषी हवा असतो. बोट दाखवलं गेलं माईसाहेबांकडे. औषधं त्या देत होत्या, भेटी त्या थांबवत होत्या, मग संशयही त्यांच्यावरच. चौकशी झाली आणि मृत्यू नैसर्गिक होता, असं केंद्र सरकारने संसदेत सांगितलं. पण कुजबुज थांबली नाही. माईसाहेब अनेक वर्षं दिल्लीत एकाकी राहिल्या. पुढे चळवळीतल्या तरुण कार्यकर्त्यांनी त्यांना पुन्हा जवळ केलं. १९९० मध्ये बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं, ते माईसाहेबांनी स्वीकारलं. त्याच वर्षी 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' हे त्यांचं पुस्तक आलं. २००३ मध्ये त्यांचं निधन झालं.

अनेक वर्षांचा मधुमेह, रक्तदाब, खराब झालेल्या नसा आणि त्यावर विश्रांती नाही. अशा शरीराने ६५ वर्षं आणि एवढं काम ओढलं, त्यामागे कुणाची तरी रोजची इंजेक्शनं, पथ्याचं जेवण आणि ऐकून घेतलेली बोलणी असतात. कायमच्या आजारात रुग्णासोबत सांभाळणाऱ्या माणसाचंही आयुष्य झिजतं. ते फारसं कुणी मोजत नाही.

नागसेनवनाने काय दिलं?

मिलिंदमधून शिकून मराठवाड्यातल्या दलित आणि गरीब घरांतले पहिले पदवीधर बाहेर पडले. शिक्षक झाले, वकील झाले, अधिकारी झाले. डॉ. म. ना. वानखेडे इथे प्राचार्य होते, डॉ. गंगाधर पानतावणे इथे शिकवत होते. पानतावण्यांनी याच शहरातून 'अस्मितादर्श' चालवलं आणि दलित साहित्याच्या कित्येक लेखकांना पहिलं व्यासपीठ मिळालं.

१९५८ मध्ये शहरात मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्याला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ मध्ये विधिमंडळात झाला, त्यावरून मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. हा वेगळा आणि मोठा इतिहास आहे. पण मराठवाड्यातल्या गरीब पोरांसाठी पदवीची वाट त्याआधीच, १९५० मध्ये, मिलिंदने खुली केली होती.

दवाखान्यातून गोळ्यांची पिशवी घेऊन निघालेल्या कितीतरी जणांना वाटतं, आता आपलं सगळं संपलं. बाबासाहेबांच्या शेवटच्या दहा वर्षांची यादी त्यांनी एकदा वाचावी. संविधान, मिलिंद कॉलेज, हिंदू कोड बिल, धम्माचा ग्रंथ आणि दीक्षा. या सगळ्या काळात रोजचं औषध चालूच होतं. मात्र त्यांनी उपचार पुढे ढकलले, तेवढं आपण करू नये. त्यांच्यासमोर घड्याळ होतं आणि पर्याय कमी होते. आपल्याकडे आज पर्याय आहेत, त्यामुळे तपासणीची तारीख चुकवायला कारण नाही.